फडकं

बेकीर केरसुण्या बांधायचा. आमच्या एदिर्नेच्या बाजूला हा धंदा घरोघर, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण उन्हाळ्यात कुस्त्यांचे दिवस आले, की हाच बेकीर कातडी तुमान चढवून, अंगभर तेल चोपडून कुरणात उतरायचा आणि भल्याभल्यांना घाम फोडायचा. हट्टी माणूस! जेवण सोडील, पण हट्ट सोडणार नाही.

त्याच्या तोडीचा एकच, बालिकेसिरकडचा सेलामी. लाकूडतोड्या. अंगाने दांडगा आणि जिभेने त्याहून दांडगा. कित्येक वर्षं शेवटची कुस्ती या दोघांचीच व्हायची, आणि दर वेळी सेलामीच अस्मान बघायचा. पण गंमत बघा, गावात आला की उतरायचा बेकीरच्याच घरी! नाझमियेवहिनीच्या हातचं तळलेलं काळीज खाल्ल्याशिवाय त्याला कुस्ती सुचायची नाही.

"वहिनी, याला जरा कमी वाढा," तो म्हणायचा.

"तू खा रे पोटभर," बेकीर म्हणायचा. "पडायलासुद्धा जोर लागतो."

गेल्या साली निघताना मात्र सेलामीने त्याचा दंड धरला. "दादा, मी तुला पाडेपर्यंत तुमान खुंटीला टांगायची नाही. शब्द दे." बेकीरने हसत हसत शब्द दिला.

आणि त्याच हिवाळ्यात त्याचा उजवा डोळा गेला. वरून काळा पडदा उतरल्यासारखा उतरला, तो परत वर गेलाच नाही. डॉक्टरांनी बजावलं की डाव्याचंही लक्षण ठीक नाही, ओझं उचलू नका, कुस्तीचं तर नावही काढू नका. नाझमियेने रडून घर डोक्यावर घेतलं, शेवटी तुमान लपवून ठेवली. याने ती हुडकून काढली.

"शब्द दिलाय मी सेलामीला," म्हणाला.

खोटं! शब्दाचं नुसतं निमित्त. कुस्ती गेली तर आपण निव्वळ केरसुणीवाले उरू, ही भीती त्याला आतून खात होती. तिच्यापुढे डॉक्टर काय करणार, कपाळ! सेलामीला त्याने यातलं अक्षर कळू दिलं नाही, नाझमियेलाही शपथ घातली. कळलं असतं तर तो लढलाच नसता.

त्या वर्षीही शेवटी दोघंच उरले. रिवाजाप्रमाणे त्यांनी एकमेकांच्या पाठीला तेल चोळलं, ढोल-सनई वाजायला लागली आणि दोघं भिडले. ऊन मी म्हणत होतं. बराच वेळ कोणी कोणाला दाद देईना. मग सेलामीने वरून मान दाबली. बेकीरने होता नव्हता तेवढा जोर लावून त्याला झुगारलं आणि तो ताठ उभा राहिला. तेवढ्यात डाव्या डोळ्यात ठिणग्या उडाल्या आणि मागोमाग काजळी पसरली. कुरण गेलं, माणसं गेली. ढोल तेवढा वाजत राहिला.

"तेल," बेकीर म्हणाला. "तेल गेलं रे डोळ्यात."

डोळ्यात तेल गेलं म्हटलं, की समोरच्याने हात आवरायचे आणि फडकं घेऊन स्वतः पुसून द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. सेलामीने फडकं मागवलं आणि डोळा नीट पुसला.

"झालं?"

"नाही. परत."

"आज काय तेलाच्या कढईत बुडी मारून आलास का?" सेलामीने हसत पुन्हा पुसलं. "आता?"

"अजून एकदा," बेकीर म्हणाला.

सेलामीचा हात थांबला. बेकीर त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हता. नजर त्याच्या कानावरून पलीकडे कुठेतरी लागली होती.

"दादा, हे तेल नाही."

"तेलच आहे!"

"मी पंचांना हाक मारतो."

बेकीरने चाचपडत त्याचं मनगट पकडलं. "हाक मारलीस तर जन्मात तुझं तोंड बघणार नाही." बोलून गेला आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "सगळ्या गावासमोर मला हाताला धरून बाहेर नेऊ नको रे. पाड मला. पण खरा पाड. ढिला पडलास तर माझ्या हातांना कळेल."

"आंधळ्याला पाडू? कसलं पाप माझ्या पदरात घालतोस!"

"शब्द तूच मागितला होतास."

हे बोलायला नको होतं त्याने. पण बुडणारा माणूस काय काय धरतो! सेलामीने फडकं फेकलं आणि तो भिडला. बेकीरच्या हातांना ते शरीर वर्षानुवर्षं पाठ होतं. एकदा तर त्याने सेलामीला अधांतरी उचललं, लोक ओरडत उभे राहिले. शेवटी सेलामीने तुमानीच्या काठाला घट्ट पकड घातली, त्याला फिरवला आणि पाठ गवताला लावली. खरी कुस्ती झाली, कोणीही काही म्हणो. बेकीर उताणा पडला होता. तोंडाला ऊन लागत होतं, आणि डोळ्यांपुढे काळोख.

हरलेला-जिंकलेला कमरेला मिठी घालून बाहेर पडतात, तसेच ते निघाले. कोणाला शंकाही आली नाही. "पुढे दोरी आहे, पाय उचल," सेलामी कानाशी सांगत होता. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि लोक म्हणत होते, बघा बघा, आनंदाने रडतोय.

तंबूत नाझमिये धावत आली. बेकीरला टेकवल्याबरोबर त्याचा सगळा ताठा गळून पडला.

"सेलामी, ते फडकंच तेलकट होतं," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणूनच निघालं नाही. हो ना रे? स्वच्छ कापड घे. अजून एकदा पूस."

नाझमियेने डोक्याचा धुतलेला रुमाल सोडला आणि सेलामीच्या हातात दिला. त्याने हळूहळू, कडेकडेने डोळा पुसला.

"झालं, दादा?"

"नाही," बेकीर म्हणाला. "परत."