शेवटची चाळीस मिनिटं

सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली की माझं मत तयार असतं. पुढे काहीही झालं तरी ते बदलत नाही, मग पुढचं बघायचं कशाला, असं माझं साधं म्हणणं. कोचावर मांडी घालून, हातात खारे दाणे घेऊन मी आजवर किती दिग्दर्शकांना घरी बसवलंय त्याची गणती नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ऑफिसात माझं मत कुणी विचारत नाही, घरात नवरा ऐकून घेत नाही. उरला तो बिचारा टीव्ही.

अप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, अगदी उलट. सिनेमाची शेवटची नामावली सरकून जाईपर्यंत ते तोंड उघडायचे नाहीत. बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी उभी हयात तयार झालेले सुटे भाग मोजून पास-नापास करण्यात घालवली होती, आणि सिनेमालाही ते तेच लावायचे. पास, नापास, नाहीतर रीवर्क. रीवर्क म्हणजे माल बरा आहे, पण परत मशीनवर चढवा. "ज्या सिनेमात दोन तास कुणी जेवत नाही, तो खोटा." "पावसात रडणाऱ्या नटाला मार्क देऊ नयेत, त्यातलं पाणी कुणाचं ते कळत नाही." मी पुण्याची, मतं देणं ही आमची मक्तेदारी अशी माझी समजूत होती. पण इथेच जन्मलेला, निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलणारा हा माणूस मला एका वाक्यात गप्प करायचा. मला ते आवडायचंही.

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे व्हाइटफील्डला राहायला आले. त्याच सुमारास त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यांनी दगा दिला. कडेकडेचं दिसायचं, बरोबर मधलं पुसलेलं. म्हणून ते खुर्ची तिरकी लावून, मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून टीव्ही बघायचे. घरी आलेल्या पाहुण्याला वाटायचं, म्हातारेबुवा टीव्हीवर रुसून बाल्कनीकडे तोंड करून बसलेत. कन्नड, तमिळ, हिंदी, इंग्रजी त्यांना नुसतं ऐकून कळायचं. पण नाद होता परदेशी सिनेमांचा. कोरियन, इराणी, कुठले कुठले. खालच्या पट्टीवरची इंग्रजी अक्षरं आता वाचता येईनात. हिंदीत डब केलेला लावते म्हटलं तर हात झाडले. "नको गं. दुसऱ्याच्या नरड्यातून बोलणाऱ्या माणसाचा मला भरवसा नाही."

भरवसा ठेवला तो माझ्या नरड्यावर. नवरा बोम्मसंद्र्याच्या कंपनीत, शनिवारीही कामाला, घरी यायला संध्याकाळ. त्यामुळे दर शनिवारी जेवणं आवरली की दोन वाजता मी आणि अप्पा. मी पट्टी वाचायची आणि लगोलग मराठीत सांगायची. सुरुवातीला मी काय जीव ओतला होता! बाईचं बाईच्या आवाजात, पुरुषाचं जाड आवाजात. घसा बसायचा, तर अप्पा मध्येच "स्वल्प थांब" म्हणून स्वतः उठून मला कोमट पाणी आणून द्यायचे. रविवारी सकाळी ते गेटाबाहेरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, जायचे. त्यांच्याच कारखान्यातले, त्यांच्यासारखेच मुलांच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलेले तिघे मित्र तिथे उभ्याउभ्या कॉफी प्यायचे. तिथे अप्पा आदल्या दिवशीच्या सिनेमाचा निकाल सांगायचे, आणि अप्पांनी पास केलेला सिनेमा ते तिघे आठवडाभरात बघायचे. सगळ्यात कमी दिसणाऱ्या माणसाच्या शब्दावर बाकीचे सिनेमे निवडत होते. अप्पांची मान काय ताठ असायची रविवारी!

दोन तास अखंड बोलणं सोपं नसतं हो. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगतेय, आणि बचाव लंगडा आहे हेही मला ठाऊक आहे. वर्षभरात माझा उत्साह ओसरला. शनिवारीही ऑफिसची कामं येऊ लागली आणि लॅपटॉप मांडीवर आला. पडद्यावरचा माणूस दोन मिनिटं बोलायचा आणि मी म्हणायचे, "रागावलाय तो."

"एवढं बोलला आणि नुसता रागावलाय?"

"अहो अप्पा, तेच तेच बोलतोय."

"मग त्याला रीवर्क," अप्पा म्हणायचे आणि हसायचे. मीही हसायचे. पुढे मी प्रसंगच पुढे ढकलू लागले. आवाज मध्येच तुटला की अप्पा विचारायचे, आणि मी बिनदिक्कत सांगायचे, नेट गंडलंय. लॅपटॉपमध्ये बघताना चार वाक्यं हुकली की पाचवं मनाने जोडायचं. बाप-लेक भांडतायत ना, मग लग्नावरूनच असणार. मला वाटायचं, सिनेमाच तर आहे. कुणाचं काय जातंय?

मग तो कोरियन सिनेमा आला. गावातला एक म्हातारा, भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करणारा. त्याची एकुलती एक मुलगी भांडून शहरात निघून जाते आणि बोलणं टाकते. अप्पा त्यात बुडाले होते. शेवटची चाळीस मिनिटं राहिली होती आणि माझा ऑफिसचा कॉल लागला. "स्वल्प थांब" म्हणायची पाळी माझी होती. उद्या बघू म्हटलं असतं तर अप्पा "सरी, ठीक आहे" म्हणून उठले असते, मला खात्री आहे. पण मला ते लचांड संपवायचं होतं. मी आवाज बारीक केला, चित्र भराभर पळवलं आणि न बघताच सांगून मोकळी झाले, "मुलगी परत येते अप्पा. दारात उभी राहते. बाप काही बोलत नाही, आत जाऊन चहा टाकतो. दोघं चहा पितात. संपला."

अप्पा म्हणाले, "चहा त्याने केला?"

"हो."

"पास," ते म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसले. खरं सांगते, मला लाज वाटली नाही. उलट आपण शेवट झकास जमवला म्हणून मी मनात खूश होते आणि त्याच खुशीत कॉलला बसले.

आठ दिवसांनी, पुढच्या रविवारी अप्पा दर्शिनीतून लवकर परतले. मी पोह्यांना फोडणी देत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अगं, त्या घड्याळवाल्या सिनेमात बाप मरतो म्हणतात तिघेही. मुलगी येते ती नंतर, घर रिकामं करायला. मी म्हटलं, नाही, ते चहा पितात. तिघे हसायला लागले. झोपला होतास काय म्हणे. तू सांग, पितात ना चहा?"

एवढं सरळ विचारलं होतं त्यांनी. 'अप्पा, मी शेवट बघितलाच नव्हता' या एका वाक्याचं काम होतं. तेही तोंडातल्या तोंडात म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी कढईत बघत म्हणाले, "मला नाही हो आठवत. किती सिनेमे बघतो आपण!"

"तुला नाही आठवत ते ठीक आहे, तुला हजार कामं," अप्पा म्हणाले. "मला काय काम आहे?"

त्यांनी ते पोहे खाल्ले नाहीत.

मग मागचेही सिनेमे निघाले. मित्रांनी वाईट हेतूने नव्हे, गंमत म्हणून विचारलं आणि अप्पांच्या गोष्टी जागोजागी वेगळ्या निघाल्या. अमुक बाई नवऱ्याला सोडते, अप्पा म्हणायचे माफ करते. हसणं बंद झालं. त्यातल्या एकांच्या बायकोचा विसराळूपणा असाच सुरू झाला होता. त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन केला. नवरा संध्याकाळी उतरलेल्या चेहऱ्याने आला. "अप्पांच्या डोक्याचं काहीतरी होतंय गं. डॉक्टरला दाखवायला हवं."

खाई त्याला खवखवे म्हणतात. तरी मी म्हणाले, "दाखवून घेऊ या." माझ्याच तोंडाने म्हणाले. आज ते वाक्य आठवलं की स्वतःला फाडकन वाजवावीशी वाटते.

डॉक्टरने पाच शब्द सांगितले, थोड्या वेळाने परत विचारले. अप्पांनी पाचही सांगितले. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, ते त्यांनी डॉक्टरपेक्षा भरभर केले. वार, तारीख, मजला, सगळं बरोबर. मी मागच्या खुर्चीत बसून त्यांचे हात बघत होते. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे त्यांनी ते मांडीवर दाबून धरले होते. "काही झालेलं नाही आजोबा, वयाच्या मानाने उत्तम आहे," डॉक्टर म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो. ते सुटले आणि मीही सुटले.

परतताना गाडी सिग्नलला अडकली. अप्पा पुढे बसले होते. नवऱ्याला म्हणाले, "डॉक्टर चांगला आहे रे. माझं मन राखलं. पण मी ती मुलगी पाहिलीय ना. दारात उभी होती. हातात पिशवी होती तिच्या, जड होती, या हातातून त्या हातात घेत होती. जे नाहीच ते मला दिसलं, म्हणजे काय समजायचं?"

पिशवीबद्दल मी काही बोललेच नव्हते.

त्यानंतर अप्पांनी रविवारची कॉफी सोडली. घराची किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, मला एकट्याला खाली सोडू नका, घर सापडलं नाही तर? सकाळी खिडकीपाशी बसून ते पुटपुटत असायचे. मला वाटायचं स्तोत्र म्हणतायत. एकदा जवळ गेले तर आमची नावं, पत्ता, सासूबाई गेल्याची तारीख, परत आमची नावं. शनिवारी मी मुकाट्याने सिनेमा लावायचे आणि आता शब्द न शब्द वाचायचे. संपल्यावर विचारायचे, "पास की नापास, अप्पा?"

"तूच सांग," ते म्हणायचे. "माझ्या मताला काय अर्थ?"

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. कणीक मळायचं माझं काम त्याने हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग."

शनिवारी दोन वाजता मी अप्पांच्या खुर्चीसमोर खाली जमिनीवर बसले आणि बोलले. लॅपटॉप, ऑफिसचा कॉल, न बघितलेला शेवट, नेटवर ढकललेला खोटेपणा, पोह्यांच्या दिवशीचं उत्तर. काही लपवलं नाही. रडणार नाही असं ठरवलं होतं, तेही जमलं नाही. अप्पा मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होते.

"झालं?" ते म्हणाले आणि हसले. कित्येक दिवसांनी हसले. "माझं मन राखायला डॉक्टर खोटं बोलला, आता तू. अगं, घसा बसेपर्यंत वाचायचीस तू. मला माहीत नाही का?"

"अप्पा, देवाशपथ खरं सांगतेय!"

"शपथा घेऊ नये बाई."

मी उठले, तोच घड्याळवाला सिनेमा लावला आणि शेवटच्या चाळीस मिनिटांवर आणला. आता तरी पटेल. हे आपण कधीच ऐकलेलं नाही हे त्यांना कळेल, मग स्वतःच्या डोक्यावरचा आळ ते उतरवतील आणि माझ्यावर टाकतील. टाकू देत. मी एकही शब्द गाळला नाही. म्हातारा आजारी पडतो, शेजारीण मुलीला निरोप धाडते, मुलगी निघत नाही. मग ती येते तेव्हा घरात कुणी नसतं. भिंतीवरची घड्याळं ती एकेक करून गावात वाटून टाकते. चहा कुठेच नाही. माझा आवाज फाटत होता, पण मी शेवटची नामावली लागेपर्यंत वाचत राहिले.

मग मी टीव्ही बंद केला आणि म्हटलं, "बघा अप्पा. ऐकलं होतं का हे कधी?"

ते कपाळाला आठ्या घालून आठवत राहिले. मग चेहरा एकदम सैल पडला.

"हो गं," ते म्हणाले. "आठवलं. सगळं वाचलं होतंस तू. घड्याळं वाटते ते पण. माझंच डोकं गेलं." त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि थोपटला. "तू रडू नकोस. तुझी काही चूक नाही."