शेवटच्या भागातला बाप

माझी ताई दिवसभर लाँड्रीत इस्त्री करायची आणि संध्याकाळी विद्यापीठात स्पॅनिश साहित्य शिकायची. नातेवाइकांना याचं भारी हसू यायचं. मामा तर भेटला की विचारायचा, "काय गं, आता स्पॅनिशमध्ये इस्त्री करतेस का?" ताई हसण्यावारी न्यायची. एका शाळेत स्पॅनिश शिकवायची जागा निघाली होती. तोंडी परीक्षा पास झाली की ती ताईला मिळण्यासारखी होती. पण त्या परीक्षेत ती दोनदा आपटली होती, आणि तिसऱ्यांदा आपटली की विद्यापीठ तिचं नाव काढून टाकणार होतं.

परीक्षेला एक जाडजूड कादंबरी होती. जहाजं बांधणाऱ्या म्हाताऱ्याची मुलगी भांडून घर सोडते, त्याची गोष्ट. एवढं पुस्तक एकट्याने वाचायचं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून त्या वर्गातल्या पाच जणांत वाटणीची पद्धत होती. ज्याने त्याने आपल्या भागाची झेरॉक्स घ्यायची, शब्दकोश घेऊन वाचायचं आणि जिन्यात बसून बाकीच्यांना सांगायचं. पहिला भाग कुणालाच नको होता, सगळा जुनाट भाषेतला. तो अर्थातच ताईच्या गळ्यात पडला. ती इस्त्रीच्या टेबलाशी पानं टाचून वाचायची. तिने तो इतका फोडून सांगितला की ढ पोरांनाही कळला.

शेवटचा भाग राजपुत्राकडे होता. नेहमी कडक कपड्यांत असायचा म्हणून हे नाव. ते कपडे ताईच कडक करायची. त्याने जिन्यात शेवट सांगितला: मुलगी परत येते, म्हातारा दार उघडतो, काही न बोलता तिला ताट वाढतो. ताईने घरी येऊन आम्हाला हे सांगितलं तेव्हा आईने पदर डोळ्याला लावला.

परीक्षेत बाईंनी बाकीच्यांना पहिला भाग विचारला. सगळे सुटले. राजपुत्रही सुटला. ताईला शेवट विचारला.

ती न अडखळता बोलली. बाईंनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाल्या, "भाषा छान आहे तुमची. पण बाप शेवटच्या भागाच्या पहिल्याच पानावर मरतो. तुम्ही पुस्तक उघडून तरी पाहिलंत का?"

वाटणी करून वाचलं हे सांगितलं असतं तर पाचही जण गेले असते. ताई गप्प राहिली. तिचं नाव निघालं.

शाळेतली जागा राजपुत्राला मिळाली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तो कोट घेऊन लाँड्रीत आला. मी ताईचा डबा घेऊन तिथेच होते. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटत होतं.

"अर्जंट आहे हं," तो म्हणाला. "आणि तू पण ना, एकदा स्वतः वाचायचं."

ताईने कोट टेबलावर पसरला. "मग खरा शेवट काय आहे रे? ती परत येते का?"

"मला काय माहीत?" तो मोबाइल बघत म्हणाला. "मी कुठे वाचलाय?"

मी तिच्या जागी असते तर कोटावर इस्त्री तशीच ठेवून बाहेर निघून गेले असते. ताईने कॉलरवर पाणी शिंपडलं आणि विचारलं, "बाह्यांना घडी हवी की नको?"