वहिनीची इस्त्री आणि मालकीणबाईंचा ओटा

माझी वहिनी दिवसाला साठ कपडे इस्त्री करते. उभ्याने. शर्ट असेल तर कॉलर आधी, बाह्या शेवटी. मी चाळीस वर्षं हमाली केली. कोण राबतं आणि कोण राबल्याचं दाखवतं, ते मला कळतं. वहिनी राबते.

तिच्या खोलीला लागून भंगाराचं गोदाम आहे. तिथे एका जुन्या यंत्रातून अंगठ्याएवढी किरणोत्सारी नळी निघाली. अधिकारी आले, शिशाच्या पेटीत घालून घेऊन गेले. वहिनीची खोलीही मापकाने तपासली. म्हणाले, इथे काही नाही.

नळी गेली, भीती राहिली. गल्लीत कुणीतरी शोध लावला की गरम इस्त्रीने किरणं कपड्यात शिरतात आणि घडीत अडकून बसतात. साठाचे चार कपडे झाले. त्यातले तीन माझे.

तिसऱ्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई नाकाला रुमाल लावून दारात आल्या. "महिनाअखेर खोली रिकामी कर. आमच्या जिवाशी खेळ नको."

"रुमालाने किरणं थांबतात होय?" वहिनी म्हणाली. "द्या, इस्त्री करून देते."

तिने सरकारी कचेरीत चार खेपा घातल्या. शेवटी एक अधिकारी बाई मापक घेऊन आल्या. गल्लीदेखत तो इस्त्रीच्या टेबलावर धरला. टिक. थांबून टिक.

"एवढं सगळीकडेच असतं," त्या म्हणाल्या.

"यंत्र बिघडलंय," मालकीणबाई म्हणाल्या.

"मग तुमच्या घरी लावून बघू," वहिनी म्हणाली. "बिघाड लगेच कळेल."

सगळे वर गेलो. ग्रॅनाइटच्या ओट्यापाशी टिकटिक जवळजवळ दुप्पट झाली. मालकीणबाईंच्या सुनेने गॅसवरचं पातेलं उचललं आणि बाहेरची खोली गाठली.

"दगडात थोडं असतंच," अधिकारी बाई म्हणाल्या. "शंभर वर्षं स्वयंपाक करा, काही होणार नाही."

"लिहून द्या," सून बाहेरून म्हणाली. "नाहीतर ओटा काढा."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तो ओटा मीच चढवला होता. तिघे जण, तीन जिने, कुठे टेकवला नाही.

"मी निवृत्त झालो," मी म्हणालो.

"इमारतीला एकच कागद मिळेल," अधिकारी बाई म्हणाल्या. "वरचं घर आणि खालची खोली, दोन्ही सुरक्षित."

मालकीणबाईंनी बाहेरच्या खोलीत डोकावून पाहिलं. सुनेच्या हातात पातेलं तसंच होतं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आणि तू राहा गं खाली."

"सासूबाई, कागद खरा असेल तर आपल्या चादरी आधी खाली जाऊ देत," सून म्हणाली. "मग मी आत येते."

मालकीणबाई सहा चादरी घेऊन खाली आल्या. वहिनीने दार सताड उघडलं, त्यांना दारातच खुर्ची दिली. येणारा-जाणारा थांबून बघत होता. सहा चादरींना वहिनीने दीड तास लावला. तिला कामात रेंगाळताना मी तेवढं एकदाच पाहिलं.