भिकाऱ्यांच्या जेवणाला भिकारी मिळेनात

मंडपाच्या धंद्यात दोन गोष्टी साठत जातात. एक मोडक्या खुर्च्या आणि दुसरे किस्से. खुर्च्या निदान भंगारवाला तरी नेतो! किश्श्यांना गिऱ्हाईक म्हणजे तुमच्यासारखं कोणीतरी, चहाचा कप हातात घेऊन बसलेलं.

माझा बापूस सावंतवाडीकडून गोव्यात, पार्सेत आला तो चार बांबू आणि दोन ताडपत्र्या घेऊन. आज माझ्याकडे दोन टेम्पो आहेत. लग्न असो, मयत असो, चर्चचं फेस्त असो, मांडव आमचाच. कोणाच्या घराला किती खोल्या ते मला नाही ठाऊक, पण कोणाचा हात किती मोकळा ते मात्र मला पहिल्या खेपेलाच कळतं.

आता सांगतो ते सगळे किस्से मोपाच्या सड्याखालच्या, म्हणजे पठाराखालच्या, एका वाड्यावरचे. थोडीशी क्रिस्तांव घरं, मधे एक खुरीस, म्हणजे क्रूस, टोकाला चॅपेल. मी हिंदू माणूस, पण तिथले शेर्मांव, म्हणजे फादरची प्रवचनं, मी जितकी ऐकलीत तितकी वाड्यावरच्यांनी ऐकली नसतील. ते आत डुलक्या काढतात, मी बाहेर खुर्च्या राखत जागा असतो!

*

फादर लुकास हा अगदी देवमाणूस. स्कूटर जुनी, चपला त्याहून जुन्या. एकदा ऐन काजूच्या दिवसांत, घामाच्या धारा लागलेल्या असताना, त्यांनी शेर्मांव दिला. विषय होता दान. "घरी जा आणि बघा. ज्याच्याकडे एका वस्तूच्या दोन असतील त्याने एक, ज्याच्याकडे नाही त्याला द्यावी!"

आवाज असा चढला की बाहेर माझा टेम्पोवालासुद्धा हळवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फादरच्या दारात मिंगेल हजर. हा मिंगेल काजूच्या फेणीची भट्टी लावतो, आणि स्वतःच्या मालाची परीक्षा स्वतःच करतो.

"फादर, तुमचेकडेन दोन फॅन आसात. माझेकडेन एकूय ना."

फादर उठले. स्टुलावर चढले, स्वतः स्क्रू काढले आणि झोपायच्या खोलीतला फॅन मिंगेलच्या खांद्यावर ठेवला.

पुढच्या रविवारी शेर्मांवाचा विषय होता, दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवू नये! आणि पहिल्या बाकावर बसून सगळ्यात जोरात मान कोण हलवत होता? मिंगेल! आठवडाभर झोप चांगली झाली होती ना त्याची.

*

वाड्यावरचा भाटकार, म्हणजे जमीनदार, आल्वार पात्रांव. माडांची बागायत, काजूचा अख्खा डोंगर, आणि अंगात कोट एकच. लग्नाला तोच, मयताला तोच. मी विचारलं तर म्हणाले, "विनायका, कोटाक खंय कळटा, कोण मेलो आनी कोणाचें लग्न जालें!"

या पात्रांवांनी एकदा कधी नव्हे ती खिशाची गाठ सोडली आणि चॅपेलला शिसवी बाक दिला. अट एकच, पाठीवर नाव कोरायचं. कोरलं. झालं काय, नाव वाचून त्या बाकावर कोणी बसेचना! चांगला बाक रिकामा पडला म्हणून फादरनी तो उचलून बाहेर पडवीत ठेवला. फेस्ताला पडवीत भिकारी बसायचे. ते खुशाल पात्रांवांच्या नावाला टेकून बसू लागले.

पात्रांव पेटले! "पैसे हांवें भरल्यात, बसपी हांवूच!" म्हणत त्यांनी त्या फेस्ताला बाक धरला. एका बाजूला लंगडा सांतान, दुसऱ्या बाजूला एक आंधळी म्हातारी, मधे पात्रांव, जुना कोट घालून, हॅट मांडीवर उलटी ठेवून.

मुंबईहून आलेल्या कोणा पाहुण्या बाईनं जाताजाता तिघांनाही सारखंच दान दिलं. पात्रांवांच्या हॅटमध्ये दहाची करकरीत नोट!

मी धावलो. "पात्रांव, काय केलंत मग?"

"कितें करतलों? देव बरें करूं म्हटलें! फुकटचें कोण सोडता?"

तुम्हाला सांगायला नको, 'देव बरें करूं' म्हणजे आपलं थँक्यू. पण थँक्यू तोंडातून येतं, हे पोटातून येतं. पुढे या शब्दांपायी एक लग्न अडायची वेळ आली, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

*

ते लग्न रोझामायच्या घरचं. रोझामाय म्हणजे वाड्यावरची सगळ्यात गरीब बाई, असं निदान आम्ही सगळे समजायचो. नवरा बोस्त्यांव माडावरून पडून गेला तेव्हा जुझे शाळेत जात होता आणि लीना कडेवर होती. पात्रांवांच्या डोंगरात काजू वेचून तिनं दोघांना वाढवलं.

वाड्यावर खुरसापुढे दरवर्षी लदीन होते. सगळे मिळून प्रार्थना गातात, मग यजमान उकडलेले चणे वाटतो. यजमानपण घरोघरी फिरतं. त्या वर्षी पाळी रोझामायवर आली. वाड्याला घोर लागला. बिचारी चणे आणणार कुठून? पण तोंडावर विचारायचं कसं? मोठी मानी बाई! मग प्रत्येक घरानं आपापल्या मनानं ठरवलं, गुपचूप मदत करायची. तिन्हीसांजेला एकेक जण मागच्या दारी टोप ठेवून पळाला.

एकानं दुसऱ्याला सांगितलं असतं तर ना! आणि रोझामायनं स्वतः चणे उकडलेले होतेच.

लदीन संपली. लोकांनी चणे खाल्ले, खिशात भरले, पोरांच्या टोप्यांत भरले, तरी संपेनात. शेवटी रोझामाय पायरीवर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"माका गरीब समजल्यात, बरें केल्यात. पूण घोडो कित्याक समजल्यात?"

*

पुढे जुझे बोटीवर कुक म्हणून लागला आणि घराची कळाच बदलली. पत्र्याच्या जागी स्लॅब, शेणाच्या जागी लादी. बाथरूम तर अशी की फादर आशीर्वाद द्यायला आले ते तिथेच रेंगाळले! गुलाबी टाइल्स, गरम पाणी, सगळं काही.

सहा महिन्यांनी जुझे सुट्टीवर आला. बाथरूमचं दार उघडतो तर आत छातीभर काजूच्या बियांची पोती! आई विहिरीवर आंघोळ करून येत होती.

"मम्मी, ही काय जागा आहे काजू ठेवायची?"

"बरी जागा आसा रे पुता. टायलींवयल्यान हुंदीर निसरता!"

*

आता खरी गोष्ट. लीनाचं लग्न ठरलं. जुझेनं मला बोलावलं. हॉल नको, दारातच मांडव घाल म्हणाला. लायटिंग, बँड, तीन मजली केक, सगळं यादीप्रमाणे. मी खूश!

रोझामाय कोपऱ्यात बसून ऐकत होती. सगळं ठरल्यावर म्हणाली, "आनी भिकाऱ्यांचें जेवण?"

ही क्रिस्तांवांची जुनी रीत. लग्नाच्या आधी एक दिवस गोरगरिबांना बोलवायचं, चटईवर बसवून घरच्यांनी आपल्या हातानं वाढायचं. घरातले मेलेले त्या तोंडांनी जेवतात. जेवून उठताना ते 'देव बरें करूं' म्हणाले की गेलेला जीव सुखी झाला. मग खुशाल लग्न वाजवा.

"लहान आसतना हांव पात्रांवागेर ह्याच जेवणाक बसल्यां," रोझामाय सांगू लागली. "फाटको फ्रॉक म्हूण माका लज जाताली. पात्रांवाची मांय स्वता वाडटाली. म्हणाली, लजू नाका बाय, पोटभर जेव." तिनं डोळे पुसले. "बोस्त्यांव गेलो, ताच्या नांवान एक पंगत घालूंक पावली ना. आतां माझ्या घरांत कोणें तरी देव बरें करूं म्हणल्याबगर लग्न ना!"

झालं! भिकारी शोधायला निघालो. आणि काय सांगू, मिळेचनात! लंगडा सांतान कधीच देवाघरी गेला होता. पेद्रू म्हणून एक म्हातारा होता, जन्मभर प्रत्येक भिकाऱ्यांच्या जेवणाला पहिल्या पानावर बसलेला. पण त्याच्या मुलाचा डिचोलीच्या खाणीवर ट्रक लागलेला. पेद्रू बाल्कनीतून म्हणाला,

"रोझा, आतां हांव त्या पंगतींत ना. माका कार्ड धाड! आनी बँड बरो हाड!"

डिचोलीकडच्या एका वृद्धाश्रमात फोन केला. तिथली सिस्टर गोड बोलली. म्हणाली, आमच्या आजी-आजोबांना शुगर आहे, गोड चालत नाही, तुम्ही अकाउंटला ट्रान्स्फर करा. जुझे लगेच मोबाइल काढून तयार. "मम्मी, दोन मिनिटांचं काम!"

रोझामायनं असं बघितलं की मोबाइल आपोआप खिशात गेला. "तुझो बापूय मोबायलांतल्यान जेवतलो?"

घरात कोणी हसेना. लीना खोलीत जाऊन रडत बसली. मंडप उभा, केकची ऑर्डर गेलेली, आणि आई म्हणते लग्न नाही! मला खरंच वाईट वाटलं हो. माझे पैसे कुठे जात नव्हते, पण त्या बाईनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं.

शेवटी मीच म्हटलं, वर सड्यावर विमानतळाचं काम चालू आहे, कुठून कुठून मजूर आलेत, पत्र्याखाली राहतात, त्यांना बोलवा की! जुझे त्याच संध्याकाळी जाऊन सांगून आला. रविवारी सगळे येणार म्हणाला. रोझामायच्या तोंडावर हसू आलं. रात्रंदिवस राबून तिनं सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, कढी केली, भाजी केली, चण्याच्या डाळीचं आणि गुळाचं वण, म्हणजे आपली खीर, केलं. कोणाला चमचा धरू दिला नाही.

रविवार उजाडला. मांडवात चटया, चटयांवर केळीची पानं. फादर लुकास प्रार्थनेला आलेले. आल्वार पात्रांव त्याच कोटात, खुर्चीवर बसलेले. पोरं परदेशात, घरात ते आणि एक मांजर, त्यामुळे जेवण कुठलंही असो, पात्रांव वेळेवर!

आणि मजूर आले. आम्ही बघतच राहिलो! केस तेल लावून चप्प बसवलेले, शर्टाला इस्त्री, बायका ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या. सगळ्यांपुढे फुलमती नावाची एक वयस्क बाई, हातात चकचकीत कागदात बांधलेलं मोठं खोकं. तिनं ते रोझामायच्या हातात ठेवलं.

"बेटी का ब्याह है, अम्मा. खाली हाथ कैसे आते? सबने मिलके लिया."

आत कुकर. पाच लिटरचा, नवाकोरा.

रोझामाय कुकर पोटाशी धरून तशीच उभी. मग मुलाकडे वळली. "जुझे, तांकां कितें सांगून आयलो तूं?"

"भिकाऱ्यांचं जेवण असं तोंडावर कसं सांगणार, मम्मी? शादी का खाना म्हटलं!"

"फादर," रोझामाय म्हणाली, "आहेर घेवन येता, ताका भिकारी म्हणप?"

"ना रोझा. तो सोयरो."

"मागीर आज घेतलें कोणें?"

फादरनी तिच्या हातातल्या कुकरकडे बघितलं.

"विनायका!" रोझामायनं मला हाक मारली. "कदेली घाल! मेजां घाल! सोयरे उबे आसात, दिसना तुका?"

धावलो. सगळ्यात चांगल्या, कापड चढवलेल्या खुर्च्या काढल्या, टेबलं मांडली. मजूर खुर्च्यांवर बसले. चटया रिकाम्या. जुझे हळूच म्हणाला, "मम्मी, मग आता भिकारी कोण?"

रोझामायनं कुकर त्याच्या हातात दिला. साडीचा पदर सावरला आणि जाऊन चटईवर मांडी घालून बसली, पहिल्या पानावर. पळी फुलमतीपुढे धरली. "तूं वाड गो."

तेवढ्यात खुर्ची करकरली. पात्रांव उठले, हॅट काढली, गुडघ्यांवर हात टेकत टेकत रोझामायच्या शेजारच्या चटईवर जाऊन बसले.

"पात्रांव, तुमीं?" रोझामाय दचकली.

"फुकटचें कोण सोडता?" पात्रांव म्हणाले.

फादरनी बोस्त्यांवच्या नावानं प्रार्थना म्हटली. फुलमतीनं भात वाढला, कढी वाढली, वण वाढलं. पात्रांव जेवू लागले. रोझामायचा हात मात्र पानावरच अडकला. डोळ्यांतून धारा.

फुलमतीला आमची भाषा कुठली कळायला! तिला वाटलं, म्हातारी लाजतेय. वाकली, पळीभर वण आणखी घातलं आणि म्हणाली,

"शरमाओ मत, अम्मा. पेट भर के खाओ!"

रोझामायनं वर बघितलं. घास घेतला, गिळला, आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"देव बरें करूं."