अर्जदार विंगेत उभा होता

प्रॉम्प्टरला नाटक कधीच नीट दिसत नाही. त्याला नटांचा एकेक कान दिसतो, शेरवानीची उसवलेली शिवण दिसते आणि समोरच्या विंगेत डुलक्या घेणारा पडदेवाला दिसतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रवेश मी असाच, विंगेतून, अर्ध्या डोळ्यानं पाहिला. त्यातलं मुख्य काम माझंच आहे हे मला फार उशिरा कळलं.

ही पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सेलूत राहायचो आणि स्वतःला नाटककार म्हणवायचो. मला तसं म्हणणारा गावात दुसरा कोणी नव्हता. सकाळी एका शाळेत तात्पुरता मास्तर, दुपारी मित्राच्या झेरॉक्सच्या दुकानात. लोकांच्या सातबाऱ्याच्या ज्या प्रती खराब निघत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी संवाद लिहीत असे. वय सव्वीस, वजन सांगण्यासारखं नाही, आणि दाढी वाढवलेली. कारण दाढीशिवाय लोकांना माझं नाटकवेड खरं वाटत नसे.

आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक अर्जनवीस राहायचे. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली पेटी मांडून बसत आणि लोकांचे अर्ज लिहून देत. निजामाच्या काळातल्या एका म्हाताऱ्या मुन्शीकडून ते हे काम शिकले होते. उर्दू वाचत, जुन्या दरखास्तींचे नमुने त्यांना तोंडपाठ होते. त्यांची मुलगी डी.एड. झालेली होती. अक्षर असं, की छापखान्याला लाज वाटावी. मी तिच्या प्रेमात होतो आणि ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नव्हती. तिलाही नाही.

दोन्ही घरी बुद्धवंदनाच व्हायची, त्यामुळं जातीची भिंत आड नव्हती. आड होता माझा पेशा. शिवाय जालन्याचं एक स्थळ तिला पाहून गेलं होतं. मुलगा बँकेत. पसंती आलेली.

धीट माणूस अशा वेळी जाऊन बोलला असता. मी नाटक लिहिलं. निजामाच्या काळातली विनोदी प्रेमकथा: एक लाजरा कारकून अर्जनवीसाकडं जातो आणि प्रेमाची दरखास्त लिहून मागतो, अर्जनवीस ती झकास लिहून देतो, आणि शेवटी त्याला कळतं की मुलगी आपलीच आहे. एवढा उघड डाव मांडून वर मी लोकांना सांगत होतो की कथानक पूर्ण काल्पनिक आहे.

परभणीच्या नाट्यस्पर्धेत आमचा अर्ज लागला. नायिका ती. कारकुनाचं काम जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणारा माझा दुसरा एक मित्र करणार होता. आवाज खणखणीत, पाठांतर शून्य. विंगेतून जे येईल ते तो बेधडक बोलायचा. त्याच्यासाठीच मी प्रॉम्प्टर झालो. नटांच्या नकला, म्हणजे ज्याचे त्याचे संवाद वेगळे लिहून काढलेल्या वह्या, तिनं करायच्या होत्या.

नाटकातल्या दरखास्तीची भाषा तपासून घ्यायला मी तिच्या वडिलांकडं गेलो. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, वाचला आणि खाली ठेवला.

"हे काय लिव्हलंस?"

"प्रेमाची दरखास्त, काका. नाटकातली."

"नाटकातली का असंना. अर्जदाराची वल्दियत कुठाय? बापाचं नाव नको? सकूनत न्हाई, ऱ्हातो कुठं ते न्हाई. पेशा न्हाई. नुसतं चांदणं आन् डोळे. असला अर्ज सायबापुढं पेशीलाबी लागत न्हाई."

"प्रेमात पेशा कशाला, काका?"

"प्रेमात नसंल. अर्जात लागतो."

आतून बांगड्या वाजल्या. ती हसत असावी.

मी घरी येऊन रकाने भरायला बसलो. कारकुनासाठी खोटा पेशा, खोटं गाव सुचेना. शेवटी नुसता हात चालावा म्हणून मी एका पानावर स्वतःचं खरंखुरं लिहून काढलं. वय सव्वीस. पेशा नाटक लिहिणे. राहणार दोन खोल्यांत, पैकी एक गळते. मालमत्ता एक सायकल, ब्रेक नाही. मागणी: आपली कन्या. लिहून झाल्यावर हात सैल झाला, मग दुसऱ्या पानावर कारकुनाची दरखास्त झरझर उतरली. दोन्ही पानं संहितेच्या गठ्ठ्यात गेली आणि गठ्ठा नकला करायला तिच्याकडं गेला. मी असा हुशार.

प्रयोगाला आठ दिवस उरले असताना अर्जनवीसाचं काम करणाऱ्या गृहस्थांची बदली झाली. आम्ही डोक्याला हात लावून बसलो. ती म्हणाली, "बाबालाच घ्या की."

"त्यांना संवाद पाठ होतील?"

"संवाद कशाला लागतात? बाबा जन्मभर तेच करायलेत."

काकांनी आधी झटकून टाकलं. मग दोन अटी घातल्या. पेटी स्वतःची आणणार. आणि हातात कोरा कागद घेऊन वाचल्याचं सोंग करणार नाही. "लिव्हलेला कागद द्या. मी अर्ज वाचल्याबगर शेरा मारत न्हाई." पेटीत कागद ठेवायची जबाबदारी तिनं घेतली.

प्रयोग शुक्रवारी दुपारी दोनचा. परभणीला जाताना टेम्पोत सामानावर बसल्या बसल्या मला मित्रानं सांगितलं, की जालन्याचे पाहुणे रविवारी येणार आहेत. तारीख पक्की करायला. माझ्या मांडीवर नाटकातल्या गोंडेवाल्या रुमी टोप्यांचं खोकं होतं, ते घट्ट धरून बसलो. तिच्याशी बोलायला दोन दिवस उरले होते आणि वर्षभरात जे जमलं नाही ते दोन दिवसांत जमेल असं एकही लक्षण माझ्यात नव्हतं.

हॉलमध्ये ती मेकअप करून बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही. दुसऱ्या अंकात एंट्री जरा लवकर घे."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमाला लिहिता लय चांगलं येतं," एवढंच म्हणाली.

पहिले दोन अंक बरे गेले. लोक हसत होते, परीक्षक वहीत लिहीत होते. तिसऱ्या अंकाचा पडदा वर गेला. काका पेटीमागं बसले होते, अगदी लिंबाखाली बसावेत तसे. मित्र शेरवानीत आला, झुकून सलाम केला. काकांनी पेटीतून कागद काढला, लांब धरला, आणि वाचायला लागले.

"अर्जदार. वय सव्वीस."

संहितेत वय बावीस होतं. मी ओळीवर बोट ठेवलं.

"पेशा, नाटक लिव्हणे."

बोट तिथंच थिजलं.

"मालमत्ता, एक सायकल. ब्रेक न्हाई."

हॉल हसला. काकांनी कागद खाली केला. चष्म्यावरून त्यांनी मित्राकडं पाहिलं नाही. त्यांनी सरळ विंगेत पाहिलं. माझ्याकडं.

"नाटक लिव्हून पोट भरतं का?"

हे संहितेत नव्हतं. मित्रानं मान किंचित वाकडी करून कान माझ्याकडं आणला. मी पानं उलटली. कोणत्या पानावर असणार होतं ते? पुढच्या रांगेत कोणीतरी खाकरलं.

"नाही," मी कुजबुजलो.

"नाही!" मित्र गरजला.

"मग दिवसभर काय करतोस?"

खोटं सुचत नव्हतं. तोंडाला आलं ते बाहेर पडलं.

"झेरॉक्सच्या दुकानात बसतो," मी म्हणालो.

"झेरॉक्सच्या दुकानात बसतो!" निजामाचा कारकून छाती काढून म्हणाला.

हॉल कोसळला. परीक्षकांपैकी एकानं पेन खाली ठेवलं. स्पर्धा तिथंच संपली होती हे मला दिसत होतं. पण त्या क्षणी मला स्पर्धेची भीती वाटत नव्हती. काका हसत नव्हते. ते कचेरीबाहेर बसतात त्या आवाजात विचारत होते.

"दारू?"

"नाही." "नाही!"

"पोरगी शिकलेली हाय. नोकरी करायची म्हणाली तर?"

"ते तिनं ठरवावं." मित्रानं तेही ठणकावलं.

"घरी आईला सांगितलंस?"

"नाही."

"म्हंजे सगळ्यात आधी माझ्याकडं आलास?"

"हो."

"आन् पोरीला?"

मित्र वाट पाहत राहिला, कान लांबवून. त्याच्या कपाळावरून घाम रंगासकट खाली यायला लागला.

"पोरीला विचारलंस का न्हाई?" काकांचा आवाज चढला.

"नाही," मी म्हणालो. मित्रानं या वेळी ते हळूच म्हटलं. त्यालाही आता समजलं होतं.

काकांनी चष्मा काढला. "अर्ज जिच्याबद्दल, तिलाच नोटीस न्हाई? कामून? असा अर्ज मी उभ्या जन्मात पाह्यला न्हाई." मग आतल्या बाजूला वळून हाक मारली. "बाई, भाईर ये. तुझा जबाब घ्यायचा हाय."

तिची एंट्री अजून चार पानं लांब होती. ती आली. पैंजण घातलेले होते, तरी पाऊल एकदम सावकाश. वडिलांच्या पेटीजवळ उभी राहिली, शेरवानीतल्या माझ्या मित्राकडं तिनं एकवार पाहिलं.

"हा तर वकील हाय," ती म्हणाली. "वकिलामार्फत मी जबाब देत न्हाई. अर्जदारानं समक्ष हजर व्हावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, फारच बहारीचं लिहिलंय. मी विंगेत उभा होतो, हातात संहिता, पायात चप्पल, अंगात दुकानाचा शाईचे डाग पडलेला शर्ट. स्टेजवरचं काळं कापड माझ्या पायापासून वीतभर लांब होतं. प्रॉम्प्टरनं त्यावर पाऊल टाकलं की प्रयोग बाद, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. दहा-बारा लोकांनी दोन महिने घासलं होतं. एकीकडं ते, दुसरीकडं रविवार. आणि ती माझ्याकडं पाहत नव्हती. मुद्दाम समोर, प्रेक्षकांकडं पाहत होती.

मी चप्पल काढून ठेवली आणि स्टेजवर गेलो. चप्पल का काढली ते आजही सांगता येणार नाही.

उजेड इतका होता की मला समोरचं काही दिसेना. मित्र बाजूला सरकला. बिचाऱ्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा झाला. मी बोलायला तोंड उघडलं आणि सवयीनं कान विंगेकडं केला. तिथून काही आलं नाही. तिथं कोणी नव्हतंच.

"अर्जात लिहिलंय ते सगळं खरं आहे," मी कसंबसं म्हणालो.

"अर्ज मी वाचलाय," ती म्हणाली. "तोंडानं सांगा."

वर्षभरात मी या क्षणासाठी मनात किती भाषणं लिहिली होती! चांदणं होतं त्यात, डोळे होते. एकही आठवेना.

"रविवारी पाहुण्यांना बोलवू नका," मी म्हणालो.

तिनं वडिलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तेवढ्या वेळात मी पुरता म्हातारा झालो.

"बरं," ती म्हणाली.

काकांनी दौतीत टाक बुडवला, कागदावर काहीतरी लिहिलं, वाळू टाकल्यासारखं त्यावर फुंकलं आणि पेटीचं झाकण लावलं. आवाज ऐकून पडदेवाला जागा झाला आणि त्यानं पडदा पाडला. नाटक संपायला अजून दहा मिनिटं होती.

बक्षीस अर्थातच मिळालं नाही. एका परीक्षकानं मात्र शेऱ्यात लिहिलं होतं, की शेवट अनपेक्षित आणि धाडसी आहे. फक्त शेवटी येणाऱ्या तरुणाचा अभिनय अगदीच लाकडी. मंडळींनी टेम्पोत मला मोजून शिव्या दिल्या. मित्र सगळ्यात कमी बोलला, म्हणाला, "निदान माझी वाक्यं तरी कमी झाली."

सामान आवरताना पेटीखाली तो कागद सापडला. माझ्या मागणीच्या ओळीखाली काकांचं वळणदार अक्षर होतं: 'अर्ज पाहिला. मुलीचा जबाब घेतला. अर्जदाराने उद्या सकाळी दहा वाजता आईसह घरी हजर राहावे. येताना दाढी करावी.'

कारकुनाची दरखास्त कुठं गेली आणि पेटीत माझा कागद कसा आला, हे मी बायकोला अजूनही विचारतो. "घाईत झालं असंल," ती म्हणते आणि वह्या तपासत राहते.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच मिनिटं कमी असताना आम्ही दारात होतो. मी नव्या पात्यानं दाढी केली होती आणि हनुवटीवर कागदाचा चिटोरा चिकटवला होता. आईला रात्रीच सगळं सांगितलं होतं. काका पेटीमागंच बसले होते. त्यांनी आईला खुर्ची दिली, मला समोर बसवलं आणि चष्मा लावला.

"जालन्याला निरोप गेलाय," ते म्हणाले. "आता सांग. पेशा?"

काल हे उत्तर तीनशे माणसांसमोर दिलं होतं. आज पुन्हा सवयीनं कान बाजूला गेला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या पडद्यामागून कुजबुज आली.

"बी.एड.चा फॉर्म भरणार म्हणा."

"बी.एड.चा फॉर्म भरणार," मी म्हणालो.

"आन् नाटक सोडणार न्हाई म्हणा."

"आणि नाटक सोडणार नाही."

काकांनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कान शाबूत हायत माझे," ते म्हणाले. "चहा ठिव म्हणावं तिला. आन् प्रॉम्प्टिंग बंद."