सिद्रामण्णाचं कळंगुट

सिद्रामण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मागावर होतो. खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून माग बंद करून बाहेर आलो. महानंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमचे दोस्त गेले की हो, नरसूभाऊजी…" त्याला महिना झाला. अजून मी दोन कप चहा मागवतो आणि मग स्वतःवरच चिडतो.

टॉवेलच्या काठात हॉटेलचं नाव उमटावं म्हणून मागावरच्या जेकार्ड यंत्राच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं काम माझं. ते टॉवेल गोव्यात, कळंगुटला जाऊन विकायचं काम त्याचं. मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. पण कळंगुट मला पाठ होतं, कारण परत आला की सिद्रामण्णा घरी जायच्या आधी माझ्याकडं यायचा. पहिल्यांदा गेला तेव्हा तिथं म्हणे वाळूची वाट, भाताची खाचरं आणि एका बाईनं पाहुण्यांना दिलेल्या चार खोल्या. तिला पातळ पंचे पुरले. मग खाचरांत भराव पडला, लॉज उठले, टॉवेल जाड झाले. होड्या ओढायच्या जागी खुर्च्या आल्या, तेव्हा वाळूवर अंथरायला लांबरुंद रंगीत टॉवेल लागले. पुढं हॉटेलाहॉटेलांत पोहायचे तलाव. "नरसू, समुद्र दारात, आन ही माणसं टाकीत डुंबत्यात की! लई येडी बग!" नळाची वाट बघत दिवस काढणारे आम्ही सोलापूरकर, पोट धरून हसायचो.

"चल की एकदा," तो म्हणायचा. "माग कोण बघणार?" मी म्हणायचो. थाप होती ती. मला त्याच्या तोंडून ऐकायची चटक लागली होती. मीच बघून आलो असतो, तर त्यानं मला काय सांगायचं?

पंधरवड्यापूर्वी वहिनींना भेटायला जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी गेलो. बोलता बोलता म्हणालो, "दिवाळीनंतर कळंगुटहून आला तेव्हा तिथल्या बेकरीवाल्यानं घर विकलं म्हणून किती हळहळला होता!" वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. "कुटं गेले होते, भाऊजी? गुडघे गेल्यापासून सहा वर्षं गाव सोडलं न्हाई त्यांनी. ऑर्डरी मोबाइलवर यायच्या. तुमच्याकडं मात्र रिक्षा करून यायचे. म्हणायचे, नरसू वाट बघत असंल."

म्हणजे… ती बेकरी, चर्चमागचा नवा रस्ता, भांडून एकाच आवारात दोन हॉटेलं बांधणारे भाऊ… सगळं रचलेलं! माझ्याच पुठ्ठ्यांवरची नावं घेऊन हा माझ्यासाठी गाव वाढवत बसला होता. "लबाड लेकाचा!" मी वहिनींसमोरच ओरडलो, आणि तिथंच रडू फुटलं. त्यातलं खरं कुठवर आणि त्याच्या पदरचं कुठून, मला कळत नाही. घरी आल्यावर माझी नात म्हणाली, "आजोबा, मोबाइलवर सगळं दिसतं, दाखवू?" नको म्हटलं.

गेल्या आठवड्यात एका नव्या हॉटेलचं नाव आलं. पुठ्ठ्यांना भोकं पाडली, पहिला टॉवेल उतरवला, नाव छान उठलं. पण हे हॉटेल आलं कुठं, हे सांगणारं कोणी नाही. शेवटी मीच ठरवलं. खाडीच्या कडेला, माडांच्या शेवटच्या तुकड्यावर. जागेची मालकीण म्हातारी, कुणाला दाद देत नव्हती… एवढं मोठ्यानं बोललो, आणि पुढं काय झालं ते काही केल्या सुचेना. त्याला सुचलं असतं.