कोठडीची लांबी चार चाळीस

मी आर्किटेक्ट आहे. जुन्या इमारतींची मापं घेऊन रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलेय, त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय... पण दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही.

म्हसळ्याच्या पुढे डोंगरात बॉक्साइटच्या खाणींचं एक गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही. खाणी कधीच बंद झाल्या. उरलेत ते खरवडलेले डोंगर आणि जांभ्या दगडाचा जुना तुरुंग – तीन कोठड्या, पुढे व्हरांडा. तो पाडून तिथे हॉल बांधायचा होता. त्याआधी इमारतीला वारसा म्हणून काही मोल आहे का, ते मी सांगायचं होतं. खरं सांगते, माझं मन 'नाही'कडेच झुकलं होतं.

चावी राखणदार दामूकाकांकडे. सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. कुलूप काढताना म्हणाले, "माजा बाप, राघो, खाणीत व्हता. मजुरीवरून भांडण झालं, पोलीस त्याला हितं आणायला निघालं. वाटेतच पळाला म्हणतात. परत आलाच न्हाय. आई मरंपर्यंत लोक तिला पळपुट्याची बायको म्हणत."

मी "हो का" म्हटलं आणि कामाला लागले.

सकाळचे साडेअकरा वाजले असतील. शेवटच्या कोठडीला खिडकी नाही, आत काळोख. दारात उभी राहून मी वहीत आकृती काढत होते. काका आत गेलेत अशी माझी समजूत, म्हणून वर न बघताच टेपचं टोक पुढे केलं. ते कुणीतरी घेतलं. टेप सरसर सुटत गेली, ताणली गेली.

"भिंतीला लागली का?"

"व्हय."

पुरुषाचा आवाज, दमलेला. चार मीटर चाळीस. मी लिहून घेतलं आणि वळले... तर काका बाहेर आंब्याखाली बसलेले. शेजारी माझी सहकारी सायली बॅटरीचे सेल बदलत होती.

बॅटरी घेऊन आम्ही आत गेलो. कोठडी रिकामी. टेपचं टोक समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी पडलेलं. पुन्हा मोजलं – तीन तीस. तीनदा मोजलं, तीन तीसच. मग बाहेरून मोजलं आणि भिंतीची जाडी वजा केली.

चार चाळीस.

म्हणजे समोरची भिंत नंतर घातलेली होती. मागे पाऊण मीटरभर जागा बंद करून टाकलेली.

ती भिंत उघडायच्या परवानगीला दीड महिना गेला. गवंड्याने वरचे चार दगड काढले, मी बॅटरी आत धरली. हाडं वगैरे काही नव्हतं, आधीच सांगते. फक्त मूळची भिंत आणि तिच्यावर, बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर, खिळ्याने कोरलेली सात-आठ नावं. सगळ्यात शेवटी, वाकड्या अक्षरात: राघो. आणि त्याखाली: दामू.

काकांना वाचायला वेळ लागला. मग म्हणाले, "बापाला लिवता येत व्हतं, ह्ये मला म्हाईतच नव्हतं."

म्हणजे राघो वाटेत पळाला नव्हता. इथवर आला होता. पुढे त्याचं काय झालं, भिंत कुणी आणि का घातली, याचा एकही कागद सापडला नाही. मी महिनाभर दफ्तरं चाळली.

तुरुंग पाडला नाही. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, 'आतील व बाहेरील मापांत तफावत आढळल्याने तपासणी केली.' हे खोटं नाही. पण बाहेरून मोजायचं मला सुचलं कशामुळे, ते त्यात नाही. गडबडीत मी आकडा चुकीचा वाचला असेल, असं सायली म्हणते. असेलही. मग नेमका तोच आकडा कसा? आणि 'व्हय' कोण म्हणालं?

काकांना मी त्या आवाजाचं सांगायला नको होतं, पण निघताना राहवलं नाही. त्यांनी कुलूप लावलं. मग हळूच विचारलं, "ताई, आवाज कसा व्हता? दुखण्यातला वाटला का?"

"नाही काका," तो दमलेला आवाज आठवत असूनही मी म्हटलं. "चांगला खणखणीत होता."